पलीकडे दोर कोण धरणार?

फार फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, माझ्या आजोबांना मिळाली तेव्हाही ती जुनीच होती.

एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. अलीकडे सपाट घाट होता, नाव सहज लागायची. पलीकडे मात्र नुसते खडक, आणि खडकांपाशी पाण्याला अशी ओढ की वल्ह्याचं काही चालायचं नाही. काठावर उभं राहून कुणी दोर झेलला आणि नाव ओढून घेतली, तरच उतरता यायचं. नाहीतर नाव खडकावर आणि माणसं माशांच्या पोटात!

ही नाव एक म्हातारी चालवायची. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या घराण्याची एक रीत होती. उतारूने नावेत पाय ठेवला की ती विचारायची, "पलीकडे दोर कोण धरणार?" कुणी सांगे, "माझा भाऊ." कुणी सांगे, "सासरे आलेत न्यायला." मग मावशी हाळी द्यायची. पलीकडून ओ आली की नाव सोडायची. ओ नाही आली, तर राजाचा मेहुणा का असेना, "बस घाटावर भाकरी खात, उद्या बघू."

एकदाच तिची चूक झाली. एकदाच, पण ती पुरली.

पलीकडून एक कुंभार पळून आला होता. तिकडच्या राजाचा स्वभाव काय सांगावा! रागावला की माणसाचे हात चुन्याच्या भट्टीत घालायला लावायचा. त्याने पत्र पाठवून कुंभाराला परत मागितलं. पत्रात लिहिलं होतं, 'याच्या केसालाही धक्का लागणार नाही.' खाली ही एवढी मोठी मोहोर.

कुंभाराला नावेत बसवलं तेव्हा मावशीने रीतीप्रमाणे विचारलं. कुंभार म्हणाला, "माझं तिकडे कुणी नाही." तेव्हा अलीकडच्या राजाचा कारभारी म्हणाला, "शिपाई धरतील की! दोर तो दोर, कुणी का धरेना."

मावशीला ते पटलं. शिपायांनी दोर धरला, कुंभाराला उतरवून घेतलं, वर तिच्या हातावर गुळाचा खडाही ठेवला. परतताना तिने मागे पाहिलं नाही. पण कान कुठे ठेवणार? नाव मधोमध आली आणि कुंभाराची किंकाळी पाण्यावरून तिच्यापर्यंत आली.

त्या दिवसापासून मावशी एकटी पडली. तिला कुणी टाकलं नव्हतं हो, तीच कुणाशी बोलेनाशी झाली. रोज एक भाकरी थापायची, अर्धी खायची, अर्धी तशीच राहायची.

असं वर्ष गेलं. एका सकाळी पोटाला भोपळा बांधून एक माणूस पोहत घाटाला लागला. तो तिकडचा दवंडीवाला होता. नासलेल्या विहिरींचं पाणी गोड आहे, अशी दवंडी पिटायचा त्याला हुकूम झाला होता. त्याने भर चौकात राजाची हलगीच फोडून टाकली आणि पळाला.

गावाने त्याला भाकरी दिली, घोंगडी दिली. त्याच्याशी बोललं मात्र कुणी नाही. याला आज ना उद्या परत धाडणार, मग ओळख तरी कशाला वाढवा? गाव वाईट नव्हतं. भित्रं होतं, एवढंच.

तो घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून पलीकडे बघत राहायचा. तिकडे त्याची बायको होती. आयुष्यभर गावोगाव ओरडून पोट भरलेला माणूस, आणि त्याला शब्द टाकायला कुणी नव्हतं. एके दिवशी तो शेजारच्या भोपळ्याला म्हणाला, "तूच एक आलास बाबा माझ्याबरोबर."

मावशीने ते ऐकलं. तिने अर्धी भाकरी आणून त्याच्यापुढे ठेवली. म्हणाली, "घे. रोज उरते ही."

आणि मग पत्र आलं. तीच मोहोर, तेच वचन, 'केसालाही धक्का लागणार नाही.'

अलीकडचा राजा स्वतः कारभाऱ्याला घेऊन घाटावर आला. म्हणाला, "मावशी, याला सोडून ये. आपलं मीठ तिकडून येतं. शेजाऱ्याशी वाकडं घेऊन चालायचं नाही."

कारभारी म्हणाला, "शिवाय हा गुन्हेगार आहे. राजाची हलगी फोडलीय त्याने."

"गुन्हा केला असेल तर इथं न्याय करा," मावशी म्हणाली. "खोड्यात घाला, खडी फोडायला लावा. पण तिकडे न्याय नाही, भट्टी आहे."

"पत्रात वचन आहे ना?" राजा म्हणाला.

"महाराज, वचन काठावर उभं राहून दोर धरतं का? तुम्ही बसा नावेत. कोण धरतंय ते बघा, आणि मग म्हणाल तसं करते."

राजाला राग आला, पण घाटावर सगळं गाव बघत होतं. तो नावेत बसला. दवंडीवालाही बसला, मान खाली घालून. मावशीने नाव मधोमध नेली, तिथं वल्ह्यांनी धरून ठेवली आणि विचारलं, "बाबा, पलीकडे दोर कोण धरणार?"

दवंडीवाला म्हणाला, "मावशी, माझी बायको काठावर असती ना, तर तिने दोर धरला नसता. ओरडून म्हणाली असती, मागे फिरा."

पलीकडून शिपाई ओरडले, "ए म्हातारे, टाक दोर!"

मावशी उभी राहिली. वर्षभर दबून राहिलेला आवाज तिने पणाला लावला. "टाकते! आधी गेल्या सालचा कुंभार दाखवा!"

"कसला कुंभार? दोर टाक!"

"त्याला नुसते हात वर करू देत! लांबून दिसले तरी चालतील! त्याचे हात दाखवा!"

काठावर कुणी हललं नाही. एका शिपायाने मान खाली घातली. खडकांवर पाणी आपटत होतं, तेवढाच काय तो आवाज. राजा त्या काठाकडे बघत राहिला. मग त्याने खिशातलं पत्र काढलं, पुन्हा वाचलं आणि घडी घातली.

"नाव फिरव," तो म्हणाला.

पुढे तीन महिने मीठ आलं नाही. लोकांनी अळणी खाल्लं, कुरकुर केली, कारभाऱ्याने तर सगळ्यांत जास्त केली. पण अळणी भाजीने कुणी मेलं नाही. हलगी फोडल्याबद्दल दवंडीवाल्याला शिक्षाही झाली. वर्षभर घाटावर मावशीच्या हाताखाली काम. दोघं एक भाकरी अर्धी-अर्धी खायची.

त्याची बायको आली का? नाही आली. मी खोटं कशाला सांगू? आणि कुंभार तर कधीच यायचा नव्हता. त्याच्या नावाने मावशी रोज एक तुकडा पाण्यात सोडायची. शिक्षेचं वर्ष संपलं तरी दवंडीवाला घाटावरून हलला नाही. दोराचं वेटोळं हातात घेऊन तो पलीकडे बघत उभा असायचा. कुणी पोहत आलंच, तर त्याच्याकडे दोर टाकणारं माणूस अलीकडे तरी असावं म्हणून.

तात्पर्य : आसऱ्याला आलेल्याला परत धाडण्याआधी, कागदावर काय लिहिलंय ते नव्हे, तर काठावर त्याची वाट कोण बघतंय ते पाहावं.