विंगेतला सूर

संगीत नाटक कंपनीच्या मालकीण माईसाहेब साठी उलटली तरी नायिकाच होत. वरचा सूर आला की त्या नुसते ओठ हलवत आणि विंगेतून शिकाऊ सगुणा गाई. ‘वन्स मोअर’ मात्र माईसाहेबांना!

एकदा प्रयोगाआधी सगुणाने सखीची छोटी भूमिका मागितली. माईसाहेब सगळ्यांदेखत कडाडल्या, “कावळ्याचा गळा तुझा! उद्याच गाशा गुंडाळ!”

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती वाकून म्हणाली, “बरं माई. मग आज विंगेत थांबत नाही, पहिल्या रांगेत बसते. जाण्याआधी तुमचा वरचा सूर एकदा तुमच्याच गळ्यातून ऐकते.”

तिसरी घंटा झाली. माईसाहेब घाईघाईने ओरडल्या, “हिला सखीचं लुगडं द्या गं कुणीतरी!”

त्या प्रयोगात वरचा सूर सखीने सगळ्यांसमोर गायला. ‘वन्स मोअर’ही तिलाच मिळाला.