चुनकळीचा खरा आकडा

"तेच पाणी, तीच चुनकळी आणि आकडे मात्र जितकी पोरं तितके! मास्तर, उद्या दरबारात एकच आकडा हजर करा. नाहीतर रसायनाचा वर्ग बंद आणि तुम्ही घरी!"

तोरणगढचे सर्जेराव महाराज शाळा बघायला आले, तिथंच ही माशी शिंकली. मुलांनी सारख्या मापाच्या पाण्यात सारखीच चुनकळी टाकून पाणी किती तापतं ते मोजलं होतं. पण कुणी ढवळलं, कुणी विसरलं, कुणी पाऱ्याकडे वरून पाहिलं, कुणी खालून. आकडे जुळणार कसे?

गणपुले मास्तरांना हुशारी नेहमी घरी पोचल्यावर सुचायची. त्या दिवशी घरी पोचूनही सुचली नाही. आपल्याला दुसरी नोकरी कोण देणार, या प्रश्नाचं उत्तर मात्र चटकन सुचलं: कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी दरबारात त्यांनी पाण्यात चुनकळी टाकली खरी, पण हात असे लटपटू लागले की तापमापक वाचता येईना.

"महाराज, माझ्या हातांपुढे पारासुद्धा स्थिर वाटतोय. आकडा आपणच पाहावा."

महाराजांनी सिंहासनावर बसूनच वरून पाहिलं. "बासष्ट."

मास्तरांच्या डोक्यात काहीतरी लुकलुकलं. "आता पडताळा, महाराज." त्यांनी नव्या भांड्यात तेवढंच पाणी, तेवढीच चुनकळी घेतली.

महाराज हौसेनं खाली उतरले. मागोमाग चवरीवालाही उतरला. महाराज असतील तिथं चवरी ढाळायचीच, असा रिवाज! सगळा वारा भांड्यावर. महाराजांनी पाऱ्याला डोळा भिडवला. "अठ्ठावन्न."

"म्हणजे मी चुकलो?" महाराज गरजले.

"छे! चुकायला मी आहे ना. पण माझं अज्ञान एकमार्गी, ते रोज एकाच बाजूला पडतं. हे आकडे कधी वर, कधी खाली. एकदा सिंहासनाची उंची नडली, एकदा चवरीचा वारा."

"मग आमचा खरा आकडा कोणता?"

"एक खरा म्हणावा, तर महाराजांचा दुसरा शब्द खोटा पडतो. तेवढी छाती मला नाही. म्हणून दोन्ही शिरसावंद्य मानतो आणि बरोबर मधोमध उभा राहतो. साठ! पोरांचे आकडेही असेच एकत्र करून मधला काढू द्या, तोच आपला एक आकडा!"

महाराज पोट धरधरून हसले. "मास्तर, इतका कामाचा भित्रेपणा आमच्या एकाही कारभाऱ्यात नाही! वर्ग चालू राहील."

आणि त्यांनी शाळेला पेटीभर नवे तापमापक आणि मास्तरांना शालजोडी देववली.