वेळखोलच्या बांधाचे कोपर

पाहुणे, इथे बांध सरळ येता येता एकदम आत वळतो, कोपर दुमडावे तसा. मोजणीला आलेल्या एका साहेबांनी ही बांधकामातली चूक असल्याचे लेखी कळवले होते. आम्ही तो कागद जपून ठेवला आहे. कोपराबाहेरचे ते दाट कांदळवन मात्र साहेबांना दिसले नसावे.

असे सांगतात की पूर्वी बांध सरळच होता आणि दर पावसाळ्यात नेमका इथेच फुटायचा. खारे पाणी आत आले की गावाचे भात गेले. मग धाकू खोत गाव गोळा करायचे आणि खाडीकाठची तिवरे, कांदळ तोडून त्यांच्या मेढी बांधात ठोकायचे. जितकी तोड वाढली, तितका बांध अधिक फुटू लागला. म्हणून गावाने आणखी तोड केली. आमचे पूर्वज कष्टाळू होते, यात शंका नाही.

खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी आवडाबाई एकदा बांधावर उभी राहून म्हणाली, "खोतानू, मुळं असलेली झाडं तोडता नि बिनमुळाच्या मेढी ठोकता. समुद्र हसत असेल तुम्हाला!"

"मग तूच अडव की त्याला, आवडे," खोत म्हणाले. माणसे हसली.

"अडवते. फुटलाय तिथे माझं शेत आहे. ते समुद्राला सोडा, बांध त्याच्या मागून घाला. शेतात मी कांदळ लावते."

तिचे तेवढे एकच शेत होते. विधवा लेक रडू लागली, "आये, खायचं काय आपण?"

"चिखल आहे तोवर तिसऱ्या आहेत," आवडाबाई म्हणाली.

गुरवाने कौल लावला, तो उजवा झाला, म्हणजे देवाचा होकार आला. गावही लगेच कबूल झाले. शेत दुसऱ्याचे असले की एकमताला वेळ लागत नाही.

कांदळाच्या हातभर शेंगा झाडावरच रुजतात. मायलेकी ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून त्या खोचत. सात वर्षे खोचल्या. आठव्या वर्षी भर दुपारी वादळ आले. म्हणे, समुद्र कांदळापर्यंत धावत आला आणि मुळांच्या जाळ्यात पाय अडकल्यासारखा तिथेच बसला. बांधाची ढेपही हलली नाही.

त्या वर्षी कापणी होताच खोतांनी नव्या भाताची पायली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि आवडाबाईच्या दारात नेऊन ठेवली.  चूक तोंडाने कबूल करणे खोतांना जमण्यासारखे नव्हते.

श्रावणी पौर्णिमेला इतर गावे समुद्राला नारळ देतात. आम्ही ओहोटीला उतरून शेंगा खोचतो, आणि पहिली शेंग खोतांच्या घरची असते. कापणी झाली की आजही घराघरातून एकेक पायली आवडाबाईच्या लेकीच्या वंशाकडे जाते. त्या घराचे एकुलते एक शेत समुद्रात आहे, आणि त्या घरात भात कधी कमी पडलेला नाही.