आगीमागचं गाव

एक होते दस्तगीरबाबा, टेकडीवरचे फकीर. स्वतः काच घासून त्यांनी दुर्बीण केली होती. एक होती त्यांची शिष्या केशर, पायथ्याच्या हिंदुराव गुळव्याची लेक. आणि एक होता आभाळातला ठिपका, निळसर, एवढासा. त्याच्यावरून गुरुशिष्यांचं वाजलं.

"त्याला तारा का नाही म्हणायचं, बाबा?"

"तारा नाही तो."

केशर तोऱ्याची पोर. सगळं आभाळ पाठ झालंय म्हणायची. बाबांनी सांगितलं, त्याला क्वेसार म्हणतात. आपली आकाशगंगा आहे ना, तशीच ती एक दीर्घिका, ताऱ्यांचं मोठं गावच, पण फार लांबचं. त्याच्या मधोमध अंधाराचा खड्डा. त्यात पडणारं सगळं आधी गरगरतं, तापतं, पेटतं. तो उजेड त्या पेटण्याचा. माणूस जन्मलाही नव्हता तेव्हा निघालेला.

"मग बाकीचं गाव कुठंय? मला तर ठिपकाच दिसतो."



तिन्हीसांज होती. खाली हिंदुरावांच्या घरापुढच्या गुऱ्हाळात काहिलीखालचं चुलवाण पेटलं होतं. केशर रोज ते बघायची, पण खाली उतरायची नाही. ठरलेलं लग्न मोडून ती टेकडीवर आली, तेव्हा बाप म्हणाला होता, परत उंबरा चढू नकोस. तीही म्हणाली होती, नाही चढणार.

बाबांनी खाली बोट केलं. "काय दिसतंय?"

"आमची आग."

"आणि घर?"

"आगीपुढं घर कसं दिसेल?"

"मग नाही म्हणायचं का?"

केशर जरा घुटमळली. "चुलवाणात उसाचं चिपाड कोण सारतंय मग... असणारच की घर."

बाबा हसले. खालचं बोट उचलून त्यांनी आभाळातल्या ठिपक्याकडं नेलं.

यंदा ऊस लवकर सरला. एका सांजेला आग दिसलीच नाही. 

"बाबा, आमच्या घरी काही झालं असेल का..."

बाबांनी दुर्बीण आभाळातून काढली आणि गावावर लावली. केशरनं डोळा लावला. त्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. उलटं घर, उलटी आई दिवा लावतेय. उंबऱ्यावर उलटा बाप बसलाय, तोंड टेकडीकडं, आणि मांडीवर फडक्यात बांधलेली गुळाची ढेप.

केशर धावतच सुटली.

तिला बघून बापानं फक्त पाय आखडून घेतले, उंबरा मोकळा केला. त्या रात्री त्या घरात कितीतरी दिवसांनी तिघांची पानं एका ओळीत पडली. पुढं ती पोर दिवसा घरी आणि रात्री टेकडीवर अशी राहू लागली.

त्या रात्रीच्या दुसऱ्याच दिवशी हिंदुराव स्वतः गूळ घेऊन टेकडी चढले. मान वर होईना.

"मी फार पेटलो होतो, बाबा."

बाबांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. 

"पेटला होतात, हिंदुराव, म्हणून तर एवढ्या लांबून तिला घर सापडत होतं."