झराईला उष्टी ओवी चालत नाही

चढण संपून पठार लागलं की वारा एकदम अंगावर येतो आणि काळ्या कातळात झराई देवीचं कुंड दिसतं. काठाला दगडात एक देवळी आहे. तिच्यात मूर्ती नाही. फुटकी पणती, सुताची चाती, बैलाच्या गळ्यातली घुंगरं, लाखेची अर्धी बांगडी असलं काहीबाही पडलेलं असतं. आलेल्या पाहुण्यांना वाटतं, कुणी केर टाकलाय. कुणी हात पुढे केलाच, तर नामाजी गुरव हसून अडवतात.

"उचलू नका बरं का. ज्यानं उचललं, त्याला ओवी करावी लागते. माघी पुनवेला सगळं गाव इथं बसतं. डोळे मिटून हाताला लागंल ते घ्यायचं आणि त्याच्यावर नवी ओवी म्हणायची. जुनी चालत नाही. झराईला उष्टं चालत नाही."

मग ते उपरण्याने कातळ झटकतात, पाहुण्यांना बसवतात आणि येसूची हकिकत सांगू लागतात.

फार मागे, खालच्या मुलखातून हुसकावलेली माणसं या पठारावर आली. जवळ गुरं नव्हती, दाणे नव्हते. कुंडाला पाणी बघून त्यांनी देवीला विचारलं, तुला काय वाहू? देवी म्हणाली म्हणे, तुमच्या तोंडची ओवी वाहा, पण दर साली ताजी. ती माणसं इथेच राहिली आणि घरटी एक ओवी वाहू लागली.

पुढे गावात हैबती नावाचा गाणारा निपजला. त्याच्या ओव्या अशा, की ऐकणाऱ्याचा हातातला घास हातातच राहावा. त्याच्यापुढे आपलं काय म्हणायचं, असं वाटून एकेक घर गप्प झालं. हैबती गावासाठी गायचा आणि गाव मान डोलवायचं. हैबती गेला, तेव्हा गावात ओवी करणारं कुणी उरलंच नव्हतं. मग लोक त्याच्याच ओव्या पुन्हा म्हणू लागले, आणि कुंडाचं पाणी खाली जाऊ लागलं.

येसू ही हैबतीची लेक. गाव तिच्याकडे आलं. "तू त्याच्या रक्ताची. तूच कर," म्हणाले. येसूने ओवी केली, ती सुरेखही होती. पण पाणी खाली जातच राहिलं. पायऱ्यांवरचं शेवाळ वाळून काळं पडलं. कुणी कुणी भांडीकुंडी बांधायला काढली.

येसू पाण्याकडे बघत विचार करत राहिली, आणि तिच्या ध्यानात आलं. नवस साऱ्या गावाचा होता, फेडत होतं एकटं तिचं घर.

तिने सगळ्यांना कुंडावर बोलावलं. "आज ज्यानं त्यानं आपापली म्हणायची," ती म्हणाली. कोंडू धनगर वैतागून म्हणाला, "म्हण म्हणतीस, पण कशावर म्हणू? माझ्या टकुऱ्यात काय बी न्हाई!"

येसूने इकडेतिकडे पाहिलं. वाटेत कोंडूची वहाण तुटली होती, ती त्याने काखेत धरली होती. येसूने ती ओढून घेतली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "हिच्यावर म्हण."

लोक हसले. कोंडू वहाणेकडे बघत राहिला. मग आपणच दचकल्यासारखा म्हणाला,

अंगठा तुटला वहाणेचा भर माळावरी,
थांबलो म्हणून दिसली फुलं खडकावरी.

हसू थांबलं. हैबतीच्या तोडीची नव्हती ती ओवी, पण या वाटेने रोज जाणाऱ्या कुणीच ती फुलं बघितली नव्हती. मग येसू घरोघर फिरून हाताला लागलं ते कुंडावर घेऊन आली. कुंभारणीला फुटकं गाडगं दिलं, म्हाताऱ्या सुईणीला दोऱ्याचं रीळ दिलं. जिच्या हातात जे पडलं, तिच्या तोंडून ते बोललं. असं सांगतात, की त्या दिवशी पाणी खाली जायचं थांबलं. थांबलं, पण वर आलं नाही.

"कुणाची ऱ्हायली?" येसूने विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. राहिली होती पुतळा.

पुतळाची लेक बकुळा याच कुंडात घागर भरताना पाय घसरून गेली होती. खाली कपार आहे, पाणी तिकडे ओढतं. पोर हाती लागलीच नाही. तेव्हापासून पुतळा एक शब्द बोललेली नव्हती. दिवसभर काठावर बसून खाली बघायची. पाणी आटलं ते तिच्या तळतळाटाने, असंही काही जण बोलत.

"तिच्या वाटंला जाऊ नगंस," बायका म्हणाल्या. येसूने ऐकलं नाही. बकुळाची बाहुली आणून तिने पुतळापुढे ठेवली. पुतळाने ती उचलली, पदराखाली घेतली आणि पाठ फिरवून बसली. येसूला आपली लाज वाटली. आता काही द्यायला नको, असं ठरवून ती मुकाट्याने पुतळाच्या शेजारी बसली आणि ती बघत होती तिकडे बघू लागली.

तेव्हा तिला दिसलं. पाणी उतरून उतरून कपारीच्या तोंडाशी आलं होतं. अजून थोडं उतरलं, तर कपार उघडी पडणार होती. पुतळा शाप देत नव्हती. ती भ्याली होती.

येसू पुतळाकडे न बघता, हलकेच एवढंच म्हणाली, "पाण्या, तुला विचारते..." आणि थांबली.

वारा पडला म्हणे. गुरांनी माना वर केल्या. आणि गंजलेली कडी सरकावी तशा आवाजात पुतळाने ती ओळ उचलली.

पाण्या, तुला विचारते, तुझी तहान किती मोठी?
भरली घागर सोडून प्यालास लेक माझी छोटी.

बायकांनी तोंडाला पदर लावले. देवीला असं कुणी कधी बोललं नव्हतं. आता कोप होणार, म्हणून माणसं उठायला लागली. पण पुतळा थांबली नाही. वाकून, पाण्याला हात लावून तिने पुढची म्हटली.

पाण्या, तुला सांगते, आता आटून जाऊ नको,
निजली हाय लेक माझी, पांघरूण तिचं ओढू नको.

तळातून श्वास घेतल्यासारखा आवाज आला. पाणी हललं. कपार झाकली, खालच्या पायऱ्या बुडाल्या, पुतळाची बोटं बुडाली, मनगट बुडालं. जो तो जागच्या जागी हात जोडून उभा राहिला. येसूने पुतळाला मागे घेतलं, तेव्हा पाणी काठाला लागलं होतं. पुतळा रडत होती. बकुळा गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर येसूने सगळ्यांच्या वस्तू त्या देवळीत ठेवल्या, म्हणजे पुढच्या साली "कशावर म्हणू?" असं कुणी विचारू नये.

आजही माघी पुनवेला पहिली ओवी देवीच्या स्तुतीची नसते. त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरचं कुणी आधी उठतं. देवीला ते काय वाटेल ते बोलतं आणि गाव खाली मान घालून ऐकतं. आजही कुंडाचा गाळ कुणी काढत नाही, तळाला काठी कुणी लावत नाही. आणि पाण्याला येणाऱ्या बायका घागर एका कडेने कलती धरून सावकाश बुडवतात, आवाज होऊ न देता.