टोपलीभर तूस

"...पण बाबा, त्या पळून का जातात?"

टेंभुर्ण्यांचा भास्कर पिंपाबाहेर पडलेल्या अळ्या वेचून पुन्हा आत टाकत होता. एक टाकली की चार बाहेर.

फकीर नूरबाबांच्या तकियात, त्यांच्या मठीत, लोक नवसाच्या कोंबड्या सोडून जायचे. बाबा एकही कापू द्यायचे नाहीत. होता होता दोनशे झाल्या, आणि त्यांच्या विष्ठेच्या वासानं शेजारपाजाऱ्यांना घास गिळेना. बाबांचा चेला भास्कर शेतकी कॉलेजात शिकलेला. तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता, विष्ठा पिंपात भरून तिच्यात काळ्या माशीच्या अळ्या सोडतो, पंधरा दिवसांत सगळी घाण खाऊन खत करतील.

महिना झाला. खत नाही, वास मात्र दुप्पट.

सकाळीच पलीकडच्या धुरपताबाई नाकाला पदर लावून सांगून गेल्या होत्या. शुक्रवारपर्यंत वास गेला तर ठीक, नाहीतर कोंबड्या बाजारात. बाजारात म्हणजे सुरीखाली, हे भास्करला न सांगता कळलं होतं.

बाबांनी विचारलं, विष्ठेत काय काय मिसळलंस?

भास्करनं बोटांवर मोजून सांगितलं. शेंगदाण्याची पेंड, हरभऱ्याची चुणी, वर गुळाचं पाणी. सकस म्हणून जे जे होतं, ते सगळं.

बाबांनी पिंपात हात घालून मूठ दाबली. बोटांतून पाणी गळलं. मूठ उघडली, तर आत घट्ट गोळा, वाऱ्याला शिरायला फटसुद्धा नाही.

"सकस आहे," बाबा म्हणाले.

भास्कर सुखावला.

बाबा उठले, भाताच्या गिरणीवर गेले आणि टोपलीभर तूस डोक्यावर घेऊन आले.

भास्करला हसू आवरेना. "बाबा, याला ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत. अळ्या कशा खातील?"

"नाही खाणार."

...

त्यांनी अख्खी टोपली पिंपात रिकामी केली, कोपरापर्यंत हात घालून कालवलं. पुन्हा मूठ दाबली. उघडली, तर सगळं भुसभुशीत, बोटांतून सुटं होऊन खाली पडलं.

गुरुवारी पिंपाच्या काठावर एकही अळी नव्हती. आत मात्र नुसती सळसळ चालली होती. धुरपताबाई कुंपणाशी आल्या, पदर खाली केला, दोनदा हुंगून पाहिलं. "तुमची ती वासाची पाहुणी गेली वाटतं," म्हणाल्या, आणि घरी वळल्या.

भास्कर बाबांपाशी येऊन बसला.

"बाबा, त्या तुसात असं होतं तरी काय?"

"काहीच नाही."

...

"तुझ्या पिंपात तेवढंच कमी होतं."