स्पीडगनची साक्ष

"पण यंत्रच खोटं असेल तर, बुवा?"

संपत थोरवतनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

कोंडिबुवा मठाच्या ओसरीवर पळसाची पानं काडीनं टाचत बसले होते. उद्यासाठी पत्रावळी लागणार होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

संपत वकील होता. समोरचा गप्प बसला की वकिलाचं जे होतं, तेच त्याचं झालं. तो जास्त बोलायला लागला.

हायवेवर पोलीस स्पीडगन घेऊन उभे असतात. येणाऱ्या गाडीवर रोखतात, यंत्रात आकडा येतो, आकड्यावर चलान निघतं. लोक चरफडत दंड भरतात आणि विसरून जातात. संपत विसरू देत नसे. सात वर्षांत त्यानं असल्या कितीतरी चलानांचा कोर्टात भुगा केला होता. यंत्राची तपासणी कधी झाली? दाखला कुठाय? हवालदार नेमका कुठं उभा होता? शेजारून दुसरी गाडी गेली का? चार प्रश्नांत हवालदाराला घाम फुटायचा. तालुक्यात त्याला 'स्पीडगनवाला वकील' म्हणत, आणि वरवर तो कितीही कुरकुर करो, ते नाव त्याला आवडायचं.

या वेळचं चलान मात्र त्याचं स्वतःचं होतं.

"परवा निकाल लागला," तो म्हणाला. "निर्दोष सुटलो."

"बरं झालं."

"तसं नाही, बुवा. हे तुम्ही अक्काला सांगा. ती तुमचं ऐकते."

आता बुवांनी मान वर केली.

अक्का म्हणजे संपतची थोरली बहीण, मालन. वर्षापूर्वी त्यांचे वडील, आप्पा, गावच्या घरी वारले. संपत पोहोचला तेव्हा त्यांना खाली घेतलेलं होतं. त्यानंतर अक्का त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. गेल्या चार महिन्यांत तेही थांबलं. उद्या आप्पांचं वर्षश्राद्ध होतं, आणि पिंड द्यायला तिनं चुलत भावाला बोलावलं होतं. पोटचा मुलगा जिवंत असताना.

बुवांच्या हातातल्या पत्रावळी त्याच जेवणासाठी होत्या. संपतला ते आल्या आल्याच कळलं होतं. तिकडं बघायचं तो टाळत होता.

"काय सांगू मालनला?" बुवांनी विचारलं.

"हेच, की उशीर माझ्यामुळं झाला नाही. मला हायवेवर ओढ्याच्या मोरीपाशी अडवलं. एकशे बारा दाखवलं. कोर्टानं आता लिहून दिलंय की ते यंत्र भरवशाचं नव्हतं. मग अडवणंच चूक. मग उशीर कुणाचा?"

त्याला स्वतःलाच हा युक्तिवाद पटला. त्यानं बुवांकडं बघितलं.

"किती उशीर झाला तुला?"

"वीस मिनिटं."

"आनि मोरीपाशी किती थांबलास?"

"…चाळीस."

"हवालदारानं धरून ठेवलं?"

संपतनं चष्मा काढून पुसला. कोर्टात अवघड प्रश्न आला की तो हेच करायचा.

"नाही. तो म्हणाला, साहेब जावा, चलान मोबाईलवर येईल."

"मग?"

"तपासणीचा दाखला मागितला मी. त्याच्याजवळ नव्हता. मग यंत्राचे फोटो काढले, तो उभा होता तिथपासून रस्ता पावलांनी मोजला. बुवा, पुरावा जागेवरच गोळा करावा लागतो. नंतर काही हाती लागत नाही."

"नंतर काय हाती लागत न्हाई, हे खरं हाय."

एवढं बोलून बुवांनी नवं पान उचललं.

कोंडिबुवा मठात यायच्या आधी एसटीचे ड्रायव्हर होते. आप्पा त्यांच्या गाडीवर कंडक्टर. अठरा वर्षं दोघांनी एकाच गाडीत काढली. म्हातारपणी एकानं मठ धरला, दुसऱ्यानं अंथरूण. आप्पांच्या शेवटच्या सकाळी बुवा उशाशी बसून होते.

"कागद आनलायस न्हवं?" बुवा म्हणाले. "वाच."

या मठात तेवढी एक रीत होती. वाटणीपत्र असो, नोटीस असो की सोयरिकीची चिठ्ठी असो, ज्यानं कागद आणला त्यानंच तो मोठ्यानं वाचायचा. बुवांना वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण स्वतःचाच कागद स्वतःच्या तोंडानं वाचून निम्मे लोक काही न विचारता परत जात.

संपतला ही रीत माहीत होती. त्याला तिची भीती नव्हती. असा स्वच्छ निकाल त्याला सात वर्षांत मिळाला नव्हता.

तो खणखणीत आवाजात वाचू लागला. यंत्राच्या दाखल्याची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती. हवालदार मोरीच्या कठड्याआड, रस्त्यापासून बराच बाजूला उभा होता. त्यामुळं यंत्र गाडीवर सरळ न रोखता तिरकं रोखलं गेलं. तिरक्या यंत्रानं टिपलेल्या वेगावर विसंबता येत नाही…

"थांब जरा."

संपत थांबला.

"तिरकं धरलं तर आकडा चुकतो?"

"चुकतोच. शास्त्रच आहे ते."

"चुकून कुठं जातो? वर का खाली?"

संपतचा हात परत चष्म्याकडं गेला.

"…खाली."

"म्हंजे?"

"म्हणजे गाडीचा वेग असेल त्यापेक्षा कमी दाखवतो."

"कोर्टाला सांगितलंस हे?"

"कुणी विचारलं नाही."

सात वर्षांत खरंच कुणी विचारलं नव्हतं. यंत्र चुकतं एवढं ऐकलं की सगळ्यांचं समाधान व्हायचं, आणि संपतचंही.

"फुडं वाच."

पुढं त्याची स्वतःची साक्ष होती. त्या दिवशी वकील असून तो पिंजऱ्यात उभा राहिला होता. सरकारी वकिलानं विचारलं होतं, वडील अत्यवस्थ होते ना, मग तुम्ही घाईत असणारच. खोचक प्रश्न होता. संपतनं तो एका वाक्यात उडवला होता. त्या वाक्याचा त्याला आतापर्यंत अभिमान होता.

"आरोपीनं शपथेवर सांगितलं की…"

त्यानं ओळीवर बोट ठेवून परत सुरुवात केली.

"शपथेवर सांगितलं की, घटनेच्या दिवशी त्यास कोठेही पोहोचण्याची घाई नव्हती. तो रमतगमत जात होता."



संपतनं कागद खाली ठेवला. चार महिन्यांपूर्वीची ती तारीख त्याला लख्ख दिसली. त्यानंच अक्काला निरोप पाठवला होता. ये, तुझा भाऊ कोर्टात कसा लढतो ते बघ. ती गावाकडची बाई, कोर्टाची पायरी कधी चढली नव्हती. इस्त्रीचं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली होती. त्याची साक्ष संपली तेव्हा त्यानं मोठ्या रुबाबात मागं बघितलं, तर बाक रिकामं होतं. तिला परतीची गाडी गाठायची असेल, असं त्याला वाटलं. तेव्हापासूनच ती बोलेनाशी झाली, हे त्याच्या लक्षात आज आलं.

"बुवा…"

"वर्षात एकदा तरी मालनला इचारलंस? आप्पा शेवटी काय बोलला म्हणून?"

नव्हतं विचारलं. हवालदाराला त्यानं एकेचाळीस प्रश्न विचारले होते.

"नाही."

बुवांनी अर्धवट पत्रावळ मांडीवर ठेवली.

"शुद्ध जात-येत हुती त्याची. आली की इचारायचा, संपा कुठवर आला? मालन सांगायची, निघालाय आप्पा, सुसाट येतोय. सुसाट म्हनलं की त्याचा जीव जरा निवांत व्हायचा. परत डोळं मिटायचा. परत इचारायचा… मालननं किती बार सांगितलं असंल, तिचं तिला ठाव."



"अठरा वर्सं घंटा त्याच्या हातात हुती. त्यानं घंटी मारल्याबिगर मी कधी गाडी हालीवली न्हाई. त्या दिवशी पैल्यांदा त्यानं माझा हात धरला." बुवा थांबले. "म्हनला, कोंडिबा, गाडी काढू नगंस. एक शीट यायचंय."

कंडक्टर लोक प्रवाशाला शीट म्हणतात. लहानपणी सुट्टीत संपत आप्पांच्या गाडीतून फिरायचा, तेव्हा वळणावरून कुणी हात करत पळत येताना दिसलं की आप्पा घंटीच्या दोरीवरचा हात काढून घ्यायचे आणि पुढं ओरडून हेच सांगायचे. गाडी थांबायची. उशीर झाल्याबद्दल ते कुणाला कधी बोलले नाहीत.

संपतला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही.

त्या सकाळी अक्काचा फोन आला तेव्हा तो आंघोळीला निघाला होता. तसाच शर्ट चढवून गाडीत बसला होता. बटणं खालीवर लागली होती. रस्ताभर त्याच्या तोंडी एकच होतं, आप्पा थांबा, आप्पा थांबा. हे सगळं खरं होतं. मग मोरीपाशी एका माणसानं यंत्र दाखवलं, आणि संपतला दाखला आठवला. हेही खरं होतं. दुसऱ्या खऱ्याची लाज वाटते म्हणून त्यानं पहिलं खरंही खोडून टाकलं होतं. तेही शपथेवर.

वर अपील करावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. वकिलाचं मन, दुसरीकडं कुठं जाणार? पण आपल्याच निर्दोष सुटकेवर आपल्याला अपील करता येत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"एकशे वीसच्या वर होतो मी, बुवा," तो म्हणाला.

बुवांनी मांडीवरची पत्रावळ उचलली.

"काटा बघायलासुद्धा फुरसत नव्हती. घाईच होती. दुसरं काही नव्हतं मनात… तुम्ही सांगा अक्काला. तुमचं ऐकेल ती."

"मी गाडीत न्हवतो."

"मग मी सांगतो. आज जातो."

"आनि तिनं म्हनलं, शपथेवर एक सांगितलंस, दारात येऊन दुसरं सांगतोस. यातलं खरं कुठलं?"

संपतनं तोंड उघडलं. निकालाची प्रत दोघांच्या मध्ये पडली होती. वाऱ्यानं तिचं पान उलटायला लागलं, तसं त्यानं ते हातानं दाबून धरलं.

"ते यंत्र… एकशे बारा…" तो म्हणाला आणि थांबला.

बुवांनी शेवटची काडी टाचली, पत्रावळ गठ्ठ्यावर ठेवली, आणि त्याच्याकडं बघितलं.

"तुझ्या बाजूनं बोलणारं तेवढं एकच हुतं रं, संपा."